आवाजाचा तुकडा कसा कापायचा

मी मोटारींच्या कॉइल भरते. नव्या ओळखीत कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणते, "मोटारीचं काम करते." समोरच्या बाईला वाटतं मी ड्रायव्हर आहे. ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघते, आणि मी गप्प बसते. समजावून सांगायचं म्हणजे बोलावं लागतं, आणि बोलणं मला कधी फारसं जमलं नाही. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहायला बरं वाटतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर मोडलं नाही.

विहिरीवरची, पिठाच्या गिरणीची, डाळमिलची मोटार बाहेरून लोखंडी डब्यासारखी दिसते. आत दोन मुख्य वस्तू असतात. एक न फिरणारी, तिला आम्ही बॉडी म्हणतो. बॉडीला आतून खाचा असतात आणि त्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. ही कॉइल. दुसरी वस्तू मधोमध फिरणारा रोटर. कॉइलमध्ये करंट गेला की रोटर फिरतो, आणि रोटर फिरला की पट्टा, चक्की, पंप, सगळं फिरतं.

मोटार जळली असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कॉइल जळलेली असते. जळकी तार तोडून काढायची, खाचा खरवडून साफ करायच्या, खाचेत जाड कागद घालायचा, नव्या तारेची वेटोळी करायची आणि तारेचा एकेक पदर खाचेत सारायचा. तारेवर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ लेप असतो. तो कुठे खरचटला तर मोटार आज ना उद्या जळणार. म्हणून लोखंडाचं हत्यार जवळ आणायचं नाही. घासून गुळगुळीत केलेली बांबूची पट्टी वापरायची. मग दोऱ्याने आवळून बांधायचं, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. यात ताकद कमी आणि बोटं जास्त लागतात. जळगावात आमच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी हे करते. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक येतं, तिथे दुकानाचे मालक आबा बसतात. खोलणं, बसवणं, चालू करून बघणं हे गफ्फारभाई मिस्तरींचं काम.

गफ्फारभाईंची तपासायची रीत साधी. मोटार फरशीवर ठेवून चालू करायची, मोठ्या पेचकसाचं टोक मोटारीला टेकवायचं आणि दांडा कानाला लावायचा. डोळे मिटून ऐकतात, मग म्हणतात, "मख्खन." किंवा नुसते तोंड वाकडं करतात. तोंड वाकडं म्हणजे मोटार पुन्हा खोला.

गिऱ्हाईकंही कान घेऊनच येतात. मुक्ताईनगरकडचे एक केळीवाले भाऊ होते. दर हंगामाला मोटार घेऊन यायचे. म्हणायचे, "जळलेली नाही हो, पण कण्हते." आबा चालू करून दाखवायचे. मोटार मजेत फिरायची. भाऊ खाली वाकून ऐकायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडे आली की लाजते." शेवटी गफ्फारभाई एकदा त्यांच्या शेतात गेले. पंप ज्या दगडावर बसवला होता तो दगडच हलत होता. परत येऊन मला म्हणाले, "अक्का, मोटार नही, पत्थर रोता था." आम्ही हसलो. पण त्यातून शिकलो काहीच नाही. मोटार दुकानात मोकळी फिरते, तिच्या अंगावर ओझं नसतं, तेव्हा दुकानात ऐकलेला आवाज अर्धाच असतो. हे आमच्या डोक्यात तेव्हा शिरायला हवं होतं.

शिरलं ते डाळमिलच्या शेठजींच्या मोटारीमुळे.

शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्या इथेच गेल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मिलमधली सगळ्यात मोठी मोटार जुनी होती, भक्कम होती. ती जळून आली. मी भरली. काही आठवड्यांनी परत जळून आली. परत भरली. त्याच हंगामात तिसऱ्यांदा टेम्पोतून उतरली, तेव्हा मागोमाग शेठजी स्वतः आले. त्यांचा आवाज मागच्या खोलीत स्पष्ट येत होता.

"आबा, मी काही इंजिनियर नाही. पण एकच मोटार एका हंगामात तीनदा जळते म्हणजे काय? भरणारा हात कच्चा आहे."

"शेठजी, हात जुना आहे."

"जुना झाला असेल म्हणूनच."

माझ्या हातात बांबूची पट्टी होती. गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

शेठजी गेल्यावर आबा दारात येऊन उभे राहिले. आबा मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. मनातलं बोलायचं असलं की घरची अहिराणी बोली येते.

"अक्का, ही एवढी भरी दे. पुढल्या मोठ्या मोटारी आपण बाहेरून भरी लिसूत. तू पंखा, मिक्सर करजो."

म्हणजे मोठ्या मोटारी दुसऱ्याकडून भरून घ्यायच्या. मी हो म्हणून मान हलवली. पंखा-मिक्सरचं काम वाईट नाही. पण ते कोणीही महिन्याभरात शिकतं. मोठी मोटार भरायला बोटांना वर्षं लागतात. ती माझ्याकडून गेली असती तर माझ्याकडे दुसरं काय होतं, हे मला सांगता आलं नसतं. आणि पुढे काय होतं तेही मी पाहिलं होतं. हे काम मी लग्नाआधी धुळ्याला ज्यांच्याकडे शिकले ते नाना असेच बसले घरी. एका तेलाच्या घाण्याची मोटार त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा भरून गेली आणि पुन्हा पुन्हा जळून आली. नानांचा हात कच्चा झाला असं बाजारात बोललं गेलं. नाना कोणाशी भांडले नाहीत. एक दिवस त्यांनी हत्यारं कापडात बांधली आणि दुकानात येणं सोडलं.

मी ती मोटार भरली. कागद दोनदा बघून घातला. वार्निश नीट पाजलं. गफ्फारभाईंनी पेचकस लावला आणि म्हणाले, "मख्खन." मोटार मिलमध्ये गेली आणि चालू झाली. आता ती चौथ्यांदा कधी जळते याची मी वाट बघत होते.

त्याच सुमारास आबांची भाची वृषाली सुट्टीत मामाकडे आली. शिरपूरच्या एका कॉलेजात ती शिकवते. तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं असलं तरी आता आम्ही सगळे वृषाली मॅडमच म्हणतो. तिचा विषय आवाज. आवाज कॉम्प्युटरमध्ये घालायचा आणि त्यात कोणकोणते सूर मिसळले आहेत ते वेगळे करायचे. ती आली की पुढच्या खोलीत बसत नाही. मागे येऊन माझ्या पाटाजवळ फरशीवर बसते.

"अक्का, तुम्ही नेहमीच गप्प असता. पण आज जास्त गप्प आहात."

गफ्फारभाईंनीच सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "मोटार मिलमध्ये चालताना कोणी ऐकली?"

"दुकानात ऐकली ना, मॅडम."

"दुकानात तिला ओढायला काय होतं?"

गफ्फारभाईंनी पेचकसाने पाठ खाजवली. "हवा."

दुसऱ्या दिवशी मॅडम मिलमध्ये जायला निघाली आणि मला म्हणाली, तुम्हीपण चला. मी नको म्हणून मान हलवली. आबा म्हणाले, "जाय ना वं. मोटार तुन्ही शे."

मोटार माझी होती खरी, पण इतक्या वर्षांत मी भरलेली एकही मोठी मोटार मी काम करताना पाहिलेली नव्हती. ती माझ्या पाटावरून उठते, पुढच्या खोलीत जाते, टेम्पोत चढते आणि जाते. मिलमध्ये शिरले तर सगळीकडे तुरीची पिवळी धूळ, डोक्यावरून पट्टे फिरताहेत, डाळ वर नेणाऱ्या बादल्या खडखडताहेत. आणि कोपऱ्यात ती. अंगावर एवढं ओझं घेऊन घुमत होती. तिला हात लावावासा वाटला, पण लोक बघत होते.

मिलचा मिस्तरी म्हणाला, "मोटारीचं माहेर आलं वाटतं."

मॅडमने छोटा माईक मोटारीजवळ धरला आणि आवाज भरून घेतला. एकदा चक्कीत डाळ भरपूर सोडलेली असताना, आणि एकदा मिस्तरीला सांगून डाळ कमी करायला लावून. शेठजी लांबून बघत होते. म्हणाले, "आवाज न्या बाई, हवा तेवढा. मोटार तेवढी इथे ठेवा."

दुकानात परतल्यावर मॅडमने लॅपटॉप माझ्या पाटावर ठेवला. आबा, गफ्फारभाई, मी, तिघं त्यात डोकावत होतो. पडद्यावर एक रेघ होती आणि तिच्यावर डोंगर. मॅडमने सांगितलं, डावीकडे जाड सूर, उजवीकडे बारीक सूर. जो सूर जास्त, त्याचा डोंगर उंच. मोटारीच्या घुमण्याचा मोठा डोंगर मधोमध उभा होता आणि त्याचा पायथा दोन्ही बाजूंना लांबवर पसरला होता, नदीकाठच्या गाळासारखा.

गफ्फारभाई म्हणाले, "मॅडम, ही कुंडली कोणाची, मोटारची का मालकाची?"

मॅडम हसली नाही. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, यात वेगळं काही दिसत नाही."

मोटारीत दुसरं काही नाही, म्हणजे राहिली कॉइलच. मी उठून चहा ठेवायला गेले. आधण आलं तोवर मॅडमची हाक आली. "अक्का, इकडे या. माझंच चुकलं. मी तुकडा तसाच कापलाय. विंडो लावलीच नाही."

विंडो म्हणजे खिडकी हे मला कळलं. पण आवाजाला खिडकी कसली, ते कळलं नाही. तिने माझ्याजवळची खाचेत घालायच्या कागदाची एक पट्टी घेतली आणि पेन्सिलीने तिच्यावर लाटा काढल्या. एकसारख्या, वर-खाली, वर-खाली.

"हा मोटारीचा आवाज. तो तर चालूच असतो, संपत नाही. कॉम्प्युटर अख्खा आवाज एकदम बघू शकत नाही. त्यातला एक तुकडा खिडकीतून बघावा तसा बघतो. आता मी हा तुकडा कापते." तिने पट्टी दोन्ही बाजूंनी कात्रीने कापली. "खिडकीबाहेर काय होतं, ते कॉम्प्युटरला ठाऊक नाही. तो धरून चालतो की हाच तुकडा पुन्हा पुन्हा चालू आहे. म्हणजे शेपटाला डोकं जोडतो." तिने पट्टीची बांगडी केली. एका टोकाला लाट वर होती, दुसऱ्या टोकाला खाली. जोडावर पायरी पडली होती.

"ही पायरी बघा. इथे धक्का बसतो. हा धक्का मोटारीत आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग कुठून आला?"

"कात्रीतून."

ती एकदम माझ्याकडे वळली. "अगदी बरोबर. आणि धक्क्याच्या आवाजात एक सूर नसतो. ताट पडलं की कसा सगळ्या सुरांचा खणखणाट होतो? तसं. म्हणून मोटारीचा सूर एका जागी उभा राहायच्या ऐवजी इकडे तिकडे सांडतो. हा पायथा पसरलाय ना, तो मोटारीचा नाही. माझ्या कापण्याचा आहे."

मला साडीचा काठ आठवला. काठावर कोयऱ्यांची रांग असते. काठ मध्येच कापून त्याचं गोल कडं शिवलं तर जोडावर अर्ध्या कोयरीला दुसरीच अर्धी कोयरी भिडते आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. मी हे हळूच सांगितलं. मॅडम म्हणाली, नशिबाने बरोबर दोन कोयऱ्यांच्या मधे कात्री पडली तर काही दिसणार नाही. पण आवाजात तसं नशीब रोज लागत नाही, कारण लाट नेमकी केवढी आहे हे आधी ठाऊक नसतं.

"मग करायचं काय?" आबांनी विचारलं.

"टोकं मऊ करायची, मामा." तिने दुसरी पट्टी घेतली. मधे लाटा पूर्ण उंचीच्या काढल्या आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू बुटक्या करत शेवटी कागद कोरा सोडला. बांगडी केली तर जोड कोऱ्या जागेवर आला. पायरी नाही.

गफ्फारभाई म्हणाले, "पण मॅडम, मोटार तर टोकाला हळू होत नाही. हा आवाज खोटा झाला."

"थोडा झाला," ती म्हणाली. "फुकट काही मिळत नाही, भाई. टोकाकडचा आवाज वाया जातो. डोंगर थोडा जाड होतो, आणि जाड झाला की अगदी खेटून असलेले दोन सूर एकच दिसतात. म्हणून तुकडा लांब घ्यायचा. तुकडा लांब तितका डोंगर सडपातळ. आणि टोकाकडचं हुकू नये म्हणून पुढचा तुकडा आधीच्या तुकड्याच्या मध्यापासूनच सुरू करायचा. कौलं कशी एकावर एक चढवून घालतात, तसं."

तिने पडद्यावर एक यादी उघडली. त्यात बरीच नावं होती. टोकं मऊ करायच्या इतक्या तऱ्हा आहेत म्हणे. एकीने पायथा फार खाली जातो, पण डोंगर जाड होतो. एकीने डोंगराची उंची नेमकी कळते, पण शेजारी दिसत नाहीत. काहीच न लावता सरळ कापलं, तर शेजारी-शेजारी उभे असलेले दोन सारख्या ताकदीचे सूर सगळ्यात चांगले वेगळे दिसतात, पण मोठ्याच्या शेजारचा बारका गाडला जातो.

"मंग या चाळण्या शेत बठ्ठ्या," आबा म्हणाले. म्हणजे या सगळ्या चाळण्याच. डाळमिलवाल्यांच्या गावातला माणूस, त्यांना चाळणीच आठवणार. अख्खी डाळ वेगळी करायची चाळणी निराळी, चुरी काढायची निराळी.

"हो मामा. आपल्याला काय शोधायचंय, त्यावर चाळणी ठरते. आणि आपल्याला मोठ्या डोंगराच्या शेजारचं बारकं शोधायचंय."

तिने लांब तुकडा घेतला, यादीतली एक तऱ्हा निवडली आणि बटण दाबलं.

मोठा डोंगर जरा जाडसर झाला. पण त्याचा तो पसरलेला पायथा खाली बसला, पूर ओसरावा तसा. आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंना, अगदी जवळ, सारख्याच अंतरावर दोन छोट्या टेकड्या उभ्या होत्या. आधीही त्या तिथेच होत्या. कात्रीच्या धक्क्याने पसरलेल्या पायथ्याखाली त्या बुडल्या होत्या.

मग मॅडम सावकाश म्हणाली, "घुमणं एकसारखं नाही. हळूहळू वाढतंय, हळूहळू उतरतंय. असा चढ-उतार असला की मोठ्या सुराच्या दोन्ही बाजूंना असे दोन बारके दिसतात."

"पट्टा," गफ्फारभाई म्हणाले. "पट्ट्याचा जोड पुलीवरून गेला की होतं तसं."

"असू शकतं. म्हणूनच मी दुसऱ्यांदा आवाज घेतला, डाळ कमी असताना." तिने तो लावला, तशीच टोकं मऊ करून. टेकड्या होत्या, पण डोंगराला आणखी खेटल्या होत्या. "पट्ट्याच्या असत्या तर जवळपास जागच्या जागी राहिल्या असत्या. ओझं कमी झाल्यावर या आत सरकल्या. ओझं आलं की रोटरचा वेग थोडा मागे पडतो ना, त्या मागे पडण्याशी यांचं नातं आहे. मला शंका रोटरची आहे. त्याची एखादी दांडी तुटली असेल. मग मोटार जादा करंट ओढते, आणि जळते कॉइल."

आमच्या धंद्यात रोटरकडे कोणी बघत नाही, असं म्हटलं तरी चालेल. जळलेली दिसते ती कॉइल. तिचा वास येतो, ती काळी पडते. रोटर गुळगुळीत, जड, आणि दिसायला धडधाकट. त्याच्या अंगात तांब्याच्या दांड्या असतात, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. पण आम्ही तो फडक्याने पुसतो, तेलाचा हात फिरवतो आणि परत बसवतो. धुळ्याला नाना असंच करायचे, इथे गफ्फारभाई असंच करतात.

"नक्की का?" आबांनी विचारलं.

"नक्की नाही, मामा. पडद्यावर शंका दिसते. खात्री मोटार खोलल्यावरच."

दोन दिवस विचार करून आबांनी शेठजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"शेठजी, मोटार खोलायची आहे."

"जळली?"

"नाही. चालते आहे."

"मग?"

"आवाजात खोट आहे."

शेठजी म्हणाले, "आबा, तुम्ही मिस्तरी आहात की गवई? जळल्यावर मोटार खोलतात. चालती मोटार भर हंगामात कोणी खोलतं का?"

"जळायच्या आधी खोलायची, शेठजी. एक दिवस द्या."

"देतो. जुना संबंध आहे म्हणून देतो. पण आत काही निघालं नाही, तर माझी एकही मोटार तुमच्या दारात येणार नाही. पंखासुद्धा नाही."

फोन ठेवल्यावर गफ्फारभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "अब तो पंखे भी गये, अक्का." ते हसवायला म्हणाले होते. हसू कोणालाच आलं नाही. मॅडम तोवर शिरपूरला परत गेली होती.

मोटार दुकानात आली आणि खोलली. रोटर तपासायची रीत जुनीच आहे, फक्त आम्ही ती विसरलो होतो. करंटवर चालणाऱ्या मोठ्या लोहचुंबकावर रोटर ठेवायचा आणि वरून करवतीचं पान हलकेच धरायचं. खाली दांडी धड असली की पान टर्रर्र करून थरथरतं. दांडी तुटकी असली की पान गप्प राहतं. गफ्फारभाईंनी रोटर ठेवला आणि पान धरलं. टर्रर्र. रोटर थोडा फिरवला. टर्रर्र. पुढची दांडी. टर्रर्र. आबा हात मागे बांधून उभे होते. मी पाटावरून उठले नव्हते, पण तारही धरली नव्हती. अर्ध्याहून जास्त रोटर फिरून झाला आणि पान प्रत्येक दांडीवर बोलत होतं. आबांनी पाठ फिरवली आणि पुढच्या खोलीकडे निघाले.

तेवढ्यात खोली शांत झाली.

गफ्फारभाईंनी पान उचलून परत ठेवलं. गप्प. पुढची दांडी. गप्प. तिच्या पुढची, तीही गप्प. मग पुन्हा टर्रर्र सुरू झालं. त्यांनी रोटर खाली घेतला आणि कडीजवळची काजळी चाकूने खरवडली. दांडी जिथे कडीला मिळते तिथे केसाएवढी फट होती, आणि फटीच्या काठाने तांबं काळंनिळं पडलं होतं.

"अक्का," गफ्फारभाई म्हणाले, "हर बार पोंछ के बिठाया मैंने."

मला नाना आठवले. त्यांच्या त्या मोटारीचा रोटर कोणी बघितला होता की नाही, कोण जाणे. नाना गेले, घाणाही बंद झाला. आता ते कळायचं नाही.

गफ्फारभाईंनी दांड्या कडीला चांदीच्या झाळणाने पक्क्या जोडून घेतल्या. मोटार मिलमध्ये परत गेली. आबांनी शेठजींना फट दाखवली होती, आणि शेठजींनी ती चष्मा लावून पाहिली होती. एवढं झाल्यावर माझ्या मोठ्या मोटारी माझ्याकडे राहतील असं मला वाटायला हवं होतं. पण मी गफ्फारभाईंना विचारलं, "दांड्या तुटल्या कशाने?"

ते म्हणाले, "सगळ्यांना माहीत आहे. लाइट जाते तेव्हा चक्कीच्या पोटात डाळ भरलेली असते. लाइट आली की पोट रिकामं न करता तसंच बटण दाबतात. मोटार उठता उठत नाही, रोटर तापून लाल होतो. रोज असं झालं तर काय टिकेल?"

"मग सांगा ना त्यांना."

"गिऱ्हाईकाला कोण सांगणार? म्हणतील, मोटार भरा, मिल चालवायला शिकवू नका."

म्हणजे दांड्या पुन्हा तुटणार होत्या. मोटार पुन्हा जळणार होती. आणि तेव्हा कोणी रोटर बघणार नव्हतं, कॉइलच बघणार होतं.

मॅडमने शिरपूरहून फोन करून दुरुस्त मोटारीचा आवाज मागितला. म्हणून मी गफ्फारभाईंबरोबर पुन्हा मिलमध्ये गेले. मोबाइल मोटारीजवळ धरून उभी राहिले. घुमणं एकसारखं येत होतं, निदान मला तसं वाटत होतं. मी आवाज भरत होते तोच लाइट गेली. पट्टे थांबले, बादल्या थांबल्या आणि एवढी मोठी मिल एकदम मुकी झाली. माणसं जिथे होती तिथे धूळ झटकत बसली. शेठजी खुर्ची घेऊन दारात बसले.

थोड्या वेळाने दिवे लागले. मिस्तरी उठला आणि बटणाकडे गेला. चक्कीत वरपर्यंत डाळ होती, मला दिसत होती.

"थांबा!"

हे मी म्हणाले. मिल मुकी असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. मिस्तरीचा हात तसाच राहिला. शेठजींनी वळून पाहिलं.

"काय झालं, अक्का?"

मी मोटारीकडे बघत बोलले. "आधी चक्की रिकामी करा. मोकळी चालू करा. मग हळूहळू डाळ सोडा."

"रिकामी करायला वेळ जातो, अक्का. बाहेर गाड्या उभ्या आहेत."

"वेळ जातो," मी म्हणाले. "पण आता उठवलीत तर दांड्या परत तुटतील. आणि तुम्ही म्हणाल, हात कच्चा."

गफ्फारभाई जमिनीकडे बघत होते. शेठजींनी चक्कीत डोकावून पाहिलं. मग मिस्तरीला म्हणाले, "कर रिकामी." आणि उठून स्वतःच खालची झडप ओढली. डाळ पोत्यांत पडायला लागली. रिकामी होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले, सगळे माझ्याकडे बघत असताना. मग मिस्तरीने बटण दाबलं. मोटार कण्हली नाही. सरळ उठली आणि पळायला लागली, आणि त्यावर हळूहळू डाळ आली.

आता तिथे लाइट गेली की मिस्तरी ओरडतो म्हणे, "अक्कांचं पोट रिकामं करा रे!" गफ्फारभाई मला मुद्दाम येऊन सांगतात. मी ऐकलंच नाही असं दाखवते.

पुढच्या आठवड्यात टेम्पोतून दुसऱ्या एका मिलची मोठी मोटार उतरली. आबांनी गफ्फारभाईंबरोबर तिची बॉडी ढकलत माझ्या पाटापुढे आणली. मी म्हणाले, "आबा, मोठ्या मोटारी बाहेर द्यायच्या ठरल्या होत्या ना?"

आबांनी कपाळाचा घाम पुसला. "कोन म्हनस?" ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

मी गफ्फारभाईंना आधी रोटर तपासायला सांगितला, आणि कागद कापायला घेतला.